अंतर

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या वर्षी मी मुदतीआधी नोकरी सोडून आटपाडीला तिच्याजवळ राहायला आले, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं आणि एवढंच म्हणाली, ‘आता अंतर दिऊ नगंस.’ मी हो म्हटलं. रात्री मात्र बराच वेळ जागी राहिले. अठ्ठावीस वर्षं मी पोटासाठी जे केलं, ते अंतर देण्याचंच काम होतं.

आपल्या भाषेनं या एका शब्दात किती काय भरून ठेवलंय! आटपाडी ते विटा हे अंतर. माणसाला अंतर देणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. दोघांत अंतर पडलं म्हणजे जीव दुरावले. आणि अंतरी म्हणजे पार आत, काळजात. लांबच्याला आणि आतल्याला एकच शब्द पुरतो. हे कसं झालं ते भाषेचे अभ्यासक सांगतील. मला एवढंच ठाऊक आहे की कामावर ज्याला आम्ही सेपरेशन म्हणत होतो, त्याचा विचार मी मनातल्या मनात याच शब्दानं केला. आणि तो करता करता देवाबद्दलचं माझं मत बदलत गेलं. ते कसं, हे आईला नीट सांगता आलं नाही. म्हणून इथं मांडते आहे.

मी विमान वाहतूक नियंत्रक होते. लोकांना वाटतं, आम्ही सगळे त्या काचेच्या उंच टॉवरमध्ये बसतो. तिथंही मी बसले आहे, पण माझी बरीचशी वर्षं ॲप्रोचच्या खोलीत गेली. रडारचा पडदा नीट दिसावा म्हणून ही खोली भर दुपारीही अंधारी असते. पडद्यावर प्रत्येक विमानाचा एक ठिपका, त्याच्या शेजारी त्याचं नाव, उंची आणि वेग. चार-पाच सेकंदांनी ठिपका पुढं सरकतो. उतरायला येणारी विमानं चारी दिशांनी येतात. त्यांना वळवत, खाली आणत, वेग कमी करायला सांगत एका ओळीत लावायचं आणि धावपट्टीच्या तोंडाशी टॉवरच्या हवाली करायचं, हे आमचं काम. नियम सांगायला सोपा आहे. दोन विमानांत निदान तीन सागरी मैल ठेवा, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर. तेवढे नसतील तर वरखाली हजार फूट ठेवा. आडवं नसेल तर उभं, उभं नसेल तर आडवं. दोन्हींपैकी एक तरी अंतर प्रत्येक क्षणी असलंच पाहिजे. उतरणीच्या शेवटी विमानाचा वेग १८० नॉटच्या आसपास येतो. म्हणजे मिनिटाला तीन मैल. ज्या तीन मैलांची मी राखण करत होते, ते एका मिनिटाचे होते.

मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकीवरच काम चालतं. उतरणारी आणि उडणारी विमानं मिळून दिवसाला नऊशेच्या वर, आणि सगळी त्या एका पट्टीवर. पश्चिमेकडं तोंड करून उतरताना ती घाटकोपर-कुर्ल्याच्या पत्र्यांवरून येतात. दोन उतरणाऱ्यांच्या मधे एक उडणारं बसवायचं असेल तर तीन मैल पुरत नाहीत, आणखी ठेवावे लागतात. जास्त ठेवले तर मागं आभाळात गर्दी साठते, आणि कमी ठेवले तर पुढचं पट्टीवरून हललेलं नसतं, मागचं डोक्यावर येतं. मग त्याला न उतरवता पुन्हा वर पाठवावं लागतं.

मुंबईला रुजू झाल्यावर पहिल्या सुट्टीत घरी आले. आईनं विचारलं, ‘आगं, आभाळ येवडं मोटं. मंग इमानं येकमेकाच्या अंगावर कशी काय येत्यात?’ मी पाठ केलेलं काहीबाही सांगायला लागले. ओसरीवर घोंगडीवर बसलेला आज्जा मधेच म्हणाला, ‘माळ काय बारका हाय व्हय? मेंढरं माळावर मिसळत न्हाईत. पान्यावर मिसळत्यात.’

आम्ही धनगर. आज्ज्याच्या वेळी दोनशेच्या वर मेंढरं होती. माणदेशात पाऊस कधी पोटभर पडत नाही. आता टेंभूचं पाणी आलंय आणि डाळिंबाच्या बागा दिसतात, पण आज्ज्याचं सगळं आयुष्य पाण्याच्या मागं चालण्यात गेलं. माळावर दोन कळप दिवसभर समोरासमोर चरले तरी काही होत नाही. ओढ्यातल्या एका डोहावर दोन्ही एकदम आले की मात्र एकमेकांत शिरतात. मग कोकरं आया चुकतात, माद्या ओरडतात, आणि निवडानिवड करायला अर्धा दिवस जातो. पायाखाली येऊन एखादं कोकरू मरतंही. म्हणून मागून येणारा धनगर आपला कळप टेकाडाच्या अलीकडं थोपवून धरतो. पुढच्याचा कळप पिऊन पलीकडच्या अंगानं निघाला की मगच आपला सोडतो. तहानलेलं मेंढरू पाण्याचा वास लागल्यावर थोपवणं सोपं नसतं. आज्जा कळपाभोवती गोल फिरत राहायचा, तोंडानं सारखा बोलत. शिव्याही द्यायचा, पण आवाज मऊ.

आम्हीही विमानं थोपवतो. ठरलेल्या एका बिंदूभोवती ती लांबट फेऱ्या मारत राहतात, एकावर एक, प्रत्येकात हजार फूट. सगळ्यात खालचं निघालं की वरच्या प्रत्येकाला एकेक पायरी खाली आणायचं. मुंबईच्या पावसाळ्यात अशी सात-आठ विमानं थोपलेली असताना मला आज्ज्याचा तो मऊ आवाज आठवायचा आणि मी माझा आवाज तपासायची. हेडफोनमधून घाबरलेला आवाज गेला तर पलीकडं घाबरतात.

आज्ज्याच्या त्या एका वाक्यानं मला धंद्याचं मूळ सांगितलं. ज्यांच्या वाटा वेगळ्या, त्यांच्यात अंतर आपसूक राहतं. ज्यांना एकाच ठिकाणी पोहोचायचं आहे, त्यांच्यात ते कुणीतरी राखावं लागतं.

आणखी एक गोष्ट इथंच सांगून टाकते. सगळ्यांसाठी अंतर सारखं नसतं. जड विमान हवेतून जातं तेव्हा पंखांच्या टोकांपासून मागं भोवरे सोडत जातं. डोळ्यांना काही दिसत नाही, पण मिनिट-दोन मिनिटं ते हवेत फिरत असतात, आणि मागून येणाऱ्या हलक्या विमानाला कुशीवर पाडू शकतात. म्हणून जड विमानामागं मध्यम विमान असेल तर पाच मैल ठेवायचे, अगदी हलकं असेल तर सहा. ए-३८० सारखं अजस्र विमान पुढं असेल तर मध्यमालाही सात. कर्तबगार बापाच्या किंवा मोठ्या गुरूच्या पाठोपाठ चालणाऱ्या पोरांची तारांबळ मी पाहिली आहे. त्यात मोठ्याचा दोष असतोच असं नाही. तो नुसता पुढं गेलेला असतो.

१२ नोव्हेंबर १९९६ ला मी अलाहाबादजवळ बमरौलीच्या नागरी विमानन प्रशिक्षण महाविद्यालयात शिकाऊ होते. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजातून पदार्थविज्ञान घेऊन बीएस्सी झालेली, तेवीस वर्षांची, पहिल्यांदाच नर्मदेपलीकडं गेलेली. दिवाळीचे दिवस होते. त्या संध्याकाळी साडेसहानंतर हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं समोरासमोर धडकली. दिल्लीहून निघून वर चढणारं सौदी अरेबियाचं ७४७, आणि दिल्लीला उतरायला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन. दोन्हींतली मिळून ३४९ माणसं गेली. कुणीच वाचलं नाही. नियंत्रकानं सौदीला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, कझाकला १५ हजारांवर. समोरून विमान येतंय, दिसलं की सांगा, असंही कझाकला सांगितलं होतं. कागदावर दोघांत हजार फूट होते. कझाक विमान आपली पातळी सोडून खाली घसरत गेलं. दिल्लीच्या तेव्हाच्या ॲप्रोच रडारवर विमान कुठं आहे ते दिसायचं, किती उंचीवर आहे ते दिसायचं नाही. न्यायमूर्ती लाहोटींच्या आयोगानं पुढं सगळं उलगडून मांडलं: कझाक वैमानिकांचं इंग्रजी कच्चं होतं, रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे, आणि ऐकलेला आकडा चालवणाऱ्या हातांपर्यंत नीट पोहोचला नाही. त्यानंतर दिल्लीला येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि समोरच्या विमानाची चाहूल देणारं यंत्र सक्तीचं झालं. हे सगळं नंतरचं. त्या रात्री वसतिगृहात आम्ही नुसते रेडिओभोवती बसलो होतो. आम्हाला जे शिकवत होते, त्याचा उलटा अर्थ पहिल्यांदा समोर आला होता.

दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांच्या फोनवर आईला बोलावून घेतलं. तिनं आकाशवाणीवर ऐकलं होतं. म्हणाली, ‘देवानं त्यास्नी अंतर दिलं गं.’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘न्हाई आई. अंतर दिलं असतं तर वाचली असती.’

ती गप्प झाली. बूथवरचे लाल आकडे पळत होते. मी तिला दुखवणारं बोलले याचं मला वाईट वाटलं, पण शब्द परत घेता येईना, कारण दोघींचंही खरं होतं. ते वाक्य पुढं सगळी वर्षं माझ्याबरोबर राहिलं.

आता माझी चूक सांगते. माझी काही वर्षांसाठी दुसऱ्या एका विमानतळावर बदली झाली होती. ठिकाणाचं नाव घेत नाही, कारण ठिकाणाचा त्यात काही संबंध नव्हता. पावसाळी रात्र, ढगांना वळसे घालत येणारी विमानं, कानात एकामागून एक आवाज. एका विमानाला मी सात हजार फुटांपर्यंत उतरायला सांगितलं. आमच्याकडं पद्धत अशी की वैमानिकानं ऐकलेलं शब्दशः परत म्हणायचं आणि आम्ही ते तपासायचं. त्यानं परत म्हटलं, ‘सहा हजार.’ मला सात ऐकू आलं. मी सात म्हणाले होते, म्हणून मला सातच ऐकू आलं. सहा हजारांवर दुसरं विमान त्याला काटकोनात येत होतं. पडद्यावर दोन्ही नावं लखलखायला लागली, तेव्हा मी एकाला डावीकडं वळवलं, दुसऱ्याला उंची वाढवायला लावली. सगळ्यात जवळ आली तेव्हा त्यांच्यात ४०० फूट आणि जेमतेम दोन मैल होते. आत बसलेल्यांना कळलंही नाही. कुणी झोपलेलं असेल, कुणी पोराचा पट्टा लावत असेल. चौकशीत मला टेप ऐकवली. स्वच्छ आवाज होता, अगदी स्वच्छ. ‘सहा हजार.’ ती मला पुन्हा लावायला सांगावी लागली, कारण पहिल्यांदा ऐकताना मला परत सातच ऐकू येतंय की काय अशी भीती वाटली.

काही आठवडे मला पडद्यापासून दूर ठेवलं, पुन्हा शिकवलं, पुन्हा तपासलं आणि मग बसू दिलं. ते योग्यच होतं. पण माझा प्रश्न वेगळा होता. ज्यात कुणाला ओरखडाही उमटला नाही, ते पाप म्हणायचं का? फळ नाही, मग कर्म कुठं गेलं? आपल्याकडं चर्चा नेहमी फळाची आस सोडण्याची होते. आमच्या धंद्यात तर फळ दिसतच नाही. चांगलं काम झालं तर काहीच घडत नाही. चूक झाली तरी बहुतेक वेळा काहीच घडत नाही. बाहेरून दोन्ही रात्री सारख्याच. फरक फक्त मला माहीत, आणि टेपला.

नवविधा भक्तीत श्रवण पहिलं येतं. लहानपणी मला वाटायचं, ते सोपं म्हणून पहिलं ठेवलं असेल: कीर्तनात जाऊन बसायचं, ऐकायचं. त्या टेपनंतर तसं वाटत नाही. समोरचा जे बोलतो तेच ऐकणं, आपण त्याच्या तोंडी घातलेलं न ऐकणं, याला मन पुरतं रिकामं असावं लागतं. मला ते चौकशीच्या खोलीत कळलं, देवळात नाही. पण ती खोलीही माझ्यासाठी देवळाइतकीच गंभीर होती.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘नाथबाबानं राखलं. खरसुंडीला नारळ फोडून ये.’ चैत्रातल्या यात्रेला मी गेले. आटपाडी तालुक्यातलं खरसुंडी, सिद्धनाथाचं ठाणं, आमचं कुलदैवत. सासनकाठ्या नाचत होत्या, गुलालानं आभाळ लाल झालं होतं, ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं’ चा गजर छातीत घुमत होता, आणि माणसाला माणूस इतकं चिकटलेलं की पाय उचलला तर परत टेकवायला जागा नाही. मी नारळ हातात धरून उभी राहिले आणि माझ्यानं आभार मानवेनात. माझ्या त्या रात्री नाथानं हात घातला असेल, तर चरखी दादरीवर तो हात कुठं होता? त्या ३४९ जणांच्या घरी नवस बोलणारी, दुवा मागणारी आई नव्हती का? माझी दोन विमानं निवडून वाचवणाऱ्या देवासमोर मला हात जोडता येईनात. नारळ मी फोडला, आईसाठी. प्रसाद घरी नेला. पण प्रश्न तसाच राहिला.

त्यात २००२ सालच्या १ जुलैच्या रात्रीची भर पडली. जर्मनीत उबरलिंगेनवर दोन विमानं धडकली, ७१ माणसं गेली, त्यांत ५२ मुलं होती. स्वित्झर्लंडमधल्या केंद्रात त्या रात्री एकटाच नियंत्रक दोन जागा सांभाळत होता. त्यानं एका विमानाला खाली जायला सांगितलं. त्याच क्षणी विमानातलं यंत्र वैमानिकाला वर जा म्हणत होतं. वैमानिकानं माणसाचं ऐकलं. यंत्र आणि नियंत्रक वेगळं सांगू लागले तर यंत्राचं ऐकायचं, हे त्यानंतर जगभर पक्कं झालं. वीसेक महिन्यांनी बायको आणि दोन लेकरं गमावलेल्या एका बापानं त्या नियंत्रकाला त्याच्या घराच्या दारात भोसकून मारलं. बातमी वाचली त्या दिवशी मी कुणाच्या बाजूनं रडले, हे मला आजही सांगता येणार नाही.

आपल्या सगळ्या भक्तीची भाषा भेटीची आहे. पंढरीला जायचं ते उराउरी भेटायला. पायांवर डोकं ठेवायचं, आणि ते मिळालं नाही तर निदान कळस तरी बघायचा. दुरावा म्हणजे दुःख, विरह म्हणजे ताप, आणि शेवटी सगळं एक व्हावं ही ओढ. मी वारीला गेले आहे, मला ती ओढ ठाऊक आहे. पण आठ-आठ तास दोन जीवांना एकमेकांपासून लांब ठेवून घरी परतल्यावर माझ्या मनात यायचं की या भाषेत माझ्या कामाला जागाच नाही का? मग हळूहळू लक्षात आलं की संतांनाही तो पेच पडला होता. तुकोबांनी मोक्ष नाकारला आणि पुन्हा जन्म मागितला, कारण देवाशी एकरूप झाल्यावर गोडी कुणी घ्यायची? भक्ती करायला दोघं लागतात. दोघांच्या मधे काहीतरी जागा लागते. ज्ञानेश्वरांनी अद्वैत सांगूनही भक्ती सोडली नाही, ती याच जागेसाठी, असं मला वाटतं.

मुंबईला माझे एक वरिष्ठ सहकारी होते, बेने इस्रायली, मूळचे अलिबागकडचे, घरात आपल्यासारखीच मराठी बोलणारे. रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत एकदा त्यांना मी आईचं ते वाक्य सांगितलं. ते म्हणाले, ‘आमच्याकडं सोळाव्या शतकात लुरिया म्हणून एक गुरू होऊन गेले. ते शिकवायचे की सुरुवातीला सगळीकडं देवच होता, जगाला जागाच नव्हती. मग देवानं स्वतःला आवरून घेतलं, मागं सरला. त्यातून जी रिकामी जागा झाली, त्यात हे जग.’ चहा पिऊन आम्ही परत पडद्यासमोर गेलो. पण त्या रात्री आईचं वाक्य माझ्या मनात उलटं फिरलं. देवानं अंतर दिलं. दिलं, म्हणून तर आपण आहोत. पुढं वाचताना कळलं की जैनांच्या सहा द्रव्यांत आकाशाचं कामच मुळी बाकीच्या सगळ्यांना जागा देणं हे आहे. ते कुणाला धरत नाही, ढकलत नाही, नुसतं राहू देतं. मला देव असलाच तर तसा वाटू लागला. विमानं हातानं बाजूला करणारा नव्हे, तर जागा देऊन ती राखायचं काम आपल्यावर सोपवणारा.

चरखी दादरीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून कुणी ३४९ घरांत जाऊन हे सांगू शकेल, असं मी म्हणत नाही. मी तरी जाऊ शकणार नाही.

अंतराचं एवढं कौतुक मी एकदा आटपाडीतल्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणीपुढं केलं. ती बौद्ध आहे, शिक्षिका आहे. ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘अंतर ठेवण्याचं महत्त्व आम्हाला नको शिकवूस.’ मला तोंडात मारल्यासारखं झालं, आणि ते बरोबरच झालं. आज्ज्याच्या पाण्याच्या गोष्टीत मी वर एक गोष्ट लिहिली नाही. आज्ज्यानं कधी सांगितली नाही, आईकडून कळली. त्या ओढ्यावर आमची मेंढरं वरच्या अंगाला प्यायची आणि महारवाड्यातली माणसं खालच्या अंगाला. मेंढरांच्या तोंडचं पाणी माणसं भरायची. तेही अंतरच होतं. ते राखायला नियंत्रक लागला नाही, सगळं गाव डोळ्यांत तेल घालून राखत होतं.

याच आटपाडीत १९२१ साली शंकरराव खरात जन्मले. बाप गावचा तराळ, गावकीची कामं करणारा. लेक शिकला, वकील झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ‘तराळ-अंतराळ’. मी ते कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचलं, तेव्हा नावातला अंतराळ म्हणजे नुसती उंची वाटली होती. मैत्रिणीच्या त्या वाक्यानंतर पुन्हा वाचायला घेतलं. तराळ आणि अंतराळ यांच्या मधे जे अंतर गावानं घातलं होतं, ते एका माणसाला एकट्यानं कापावं लागलं, आणि तेही कुणी वाट दाखवायला नसताना.

मग माझ्या अंतरात आणि गावच्या अंतरात फरक काय, हा प्रश्न मला टाळता येईना. मी तिच्याकडं परत गेले, आणि जे सुचलं ते सांगितलं. आमच्या पडद्यावर अंतर ठेवायचं ते सगळ्यांना एकाच पट्टीवर उतरता यावं म्हणून. पहिलं उतरलं की दुसरं, मग तिसरं; नंबर मागं-पुढं होतो, पण पट्टी तीच, आणि शेवटचं विमान खाली येईपर्यंत नियंत्रक खुर्ची सोडत नाही. आणीबाणी असली तर सगळ्यात लहान विमानालाही सगळ्यांच्या पुढं काढतात. गावचं अंतर होतं ते काहींना पाण्यावर कधीच येऊ द्यायचं नाही म्हणून. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ते हे दुसरं अंतर मोडायला. तिनं ऐकलं. म्हणाली, ‘हे आधी सांग, मग बाकीचं सांग.’ लिहिताना मला ते आधी सांगता आलं नाही. ज्या क्रमानं मला कळलं, त्याच क्रमानं लिहिलं गेलं.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. १९३९ साली औंधच्या राजांनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थांच्या पुढाकारानं, इथं कैद्यांची वसाहत उभी केली. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. खुनासारख्या गुन्ह्यांची शिक्षा झालेली माणसं इथं शेती करत, बायकामुलांसह राहत. भिंत नाही. शांतारामबापूंचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट या वसाहतीवरून सुचला; त्याची कथा लिहिणारे गदिमा याच तालुक्यातल्या शेटफळ्याचे. लहानपणी मी आईबरोबर त्या बाजूनं जायची तेव्हा तारेचं कुंपण शोधायची. आई सांगायची, ‘त्यांनी शबुद दिलाय, त्यो मोडत न्हाईत.’

पुढं हेडफोन घातल्यावर मला ते कैदी कितीतरी वेळा आठवले. आभाळातही भिंत नाही. सात हजार आणि सहा हजारांच्या मधे काही बांधलेलं नाही. मी एक आकडा उच्चारते, कधी न भेटलेला माणूस तो परत उच्चारतो, आणि तेवढ्या उच्चारावर तीनशे जीव वर आणि तीनशे जीव खाली राहतात. वैशेषिकांनी आकाशाचा गुण शब्द सांगितला. पदार्थविज्ञान शिकल्यामुळं मला माहीत आहे की आवाज हवेचा असतो आणि रेडिओलहरींना हवाही लागत नाही. तरी त्या जुन्या मंडळींनी जे म्हटलं, ते मी रोज बघितलं. आमच्या आकाशाला शब्दाशिवाय दुसरा आधार नव्हता.

आईला हल्ली संध्याकाळनंतर नीट दिसत नाही, पण आभाळातले दिवे दिसतात. उन्हाळ्यात आम्ही अंगणात बाजा टाकतो. मुंबईकडून दक्षिणेला जाणारी आणि तिकडून येणारी विमानं आटपाडीवरून जातात, फार उंचावरून. एका रात्री दोन दिवे समोरासमोर येत होते. आई उठून बसली. माझा हात घट्ट धरला. ‘आता धडकत्यात बग.’

मी तिला सांगायला लागले की पूर्वेकडं जाणारं विषम हजारांवर असतं, पश्चिमेकडं जाणारं सम. हे ३५ हजारांवर असेल, ते ३६ हजारांवर. तिचं लक्ष नव्हतं. ती श्वास धरून वर बघत होती. दिवे जवळ आले, क्षणभर एकच दिसले, आणि सुटे झाले.

‘ग्येली,’ ती म्हणाली. हात तिनं बराच वेळ सोडला नाही. मग विचारलं, ‘आन् कुनी राखत बसलं असंल का गं, आत्ता?’

‘बसलंय,’ मी म्हटलं.

‘ज्येवलं असंल का?’

मी घड्याळ बघितलं. रात्रपाळी सुरू होऊन तास झाला होता. पहिली सुट्टी व्हायला अजून वेळ होता.